ताटांतील अन्न आणि शाळेंतील मूल

चाकण हें नांव इतिहासाच्या वाचकांस संग्रामदुर्गामुळें परिचित आहे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यांनीं शाएस्तेखानाच्या प्रचंड फौजेस पन्नासांहून अधिक दिवस येथेंच थोपवून धरलें होतें. बाजारांत चाकणची ख्याति कांद्याबटाट्याची. आणि गेल्या कांहीं दशकांत तिच्यावर मोटारींच्या कारखान्यांची ख्याति चढली आहे. कित्येक रानांत आज कारखान्यांच्या भिंती उभ्या आहेत. ज्याच्या आजोबांनीं नांगर धरला, त्या मुलाचा पिता पाळीवर जातो. दूरच्या जिल्ह्यांतून व परप्रांतांतून आलेल्या कुटुंबांचीं मुलेंही त्याच वर्गांत बसतात. अन्न म्हणजे दुकानांत पुडक्यांतून मिळणारी वस्तु, अशी या मुलांची समजूत होऊं लागली, तर दोष त्यांचा नव्हे. तें कोठून येतें हें त्यांना कोणी दाखविलेलें नसतें.

दाखविण्यास साहित्य फार लागत नाहीं. एक कांदा उभा चिरावा. तळाशीं जी चपटी तबकडी दिसते तें त्याचें खोड; वरचे पदर म्हणजे पानांचे फुगलेले बुडखे. बटाट्यावरील प्रत्येक डोळ्यांतून कोंब फुटतो, म्हणून बटाटाही खोडच. गाजर मात्र खरें मूळ. तिन्हीं जमिनींतून निघतात, परंतु वनस्पतीचे अवयव वेगळे! बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वतांतला. पोर्तुगीजांनीं तो आणला आणि त्याचें नांवही त्यांच्याच भाषेंतून आलें. मिरचीही अमेरिकेचीच. तेव्हां घरोघरच्या बटाटेवड्यांत वनस्पतिशास्त्र, भूगोल व इतिहास एकत्र नांदतात.

आतां आरोग्याचा विचार. शाळांतून पोषण आहार देण्याची राष्ट्रीय योजना १९९५ सालीं सुरू झाली; २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें शिजविलेलें अन्नच द्यावें असा आदेश दिला. पहिली ते पांचवीच्या मुलासाठीं या जेवणांत १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ व ५० ग्रॅम भाजी धरलेली असून, त्यांतून ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिनें मिळावींत अशी अपेक्षा आहे. हे आंकडे फळ्यावर लिहून भागत नाहीं. मुलांनीं २० ग्रॅम डाळ स्वतः तोलून तळहातावर घ्यावी, म्हणजे ती किती थोडी आहे व तरीही किती आवश्यक आहे हें त्यांना उमजतें. धान्यांत ज्या प्रथिनघटकाची उणीव असते तो डाळींत भरपूर असतो, आणि डाळींतली उणीव धान्य भरून काढतें. वरणभाताची जोडी आजीबाईंनीं उगाच जमविलेली नव्हे! शंभर ग्रॅम नाचणींत सुमारें ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तितक्याच तांदळांत तें जेमतेम दहाच्या आसपास भरतें. वाढत्या हाडांच्या वयांत हा फरक लहान नाहीं.

पाळीच्या कामामुळें आईबापांस घरीं वेळ नसला, कीं पांच रुपयांचें तळलेलें पुडकें मुलाची भूक मारतें. भूक मरते, परंतु पोषण होत नाहीं. येथें रागावण्याचा उपयोग नाहीं. पालेभाजी खा, असें शंभरदां सांगितल्यानें जें होत नाहीं, तें पुष्कळदां शाळेच्या परसबागेंतील एका वाफ्यानें होतें. मेथी चारपांच दिवसांत उगवते व महिन्याभरांत खुडण्याजोगी होते. स्वतः पाणी घातलेली भाजी चाखून पाहण्याचें मुलाच्या मनांत आपोआप येतें. हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण द्यावें, हा विचार १९३७ सालीं वर्ध्याच्या शिक्षण परिषदेंत मांडला गेला, त्याचें मर्म याहून निराळें नाहीं.

शहरांतील घरांनाही हें सहज साध्य आहे. खिडकींतल्या कुंडींत मेथी पेरावी. रविवारीं मुलास मंडईंत न्यावें, पिशवी त्याच्या हातीं द्यावी आणि भाजी कोणत्या गांवची, हें त्यानेंच विक्रेत्यास विचारावें. चाकणचीं रानें किती टिकतील हें मुलांच्या हातीं नाहीं. परंतु आपल्या घासामागें कोणाचे तरी कष्ट, माती व ऋतु आहेत हें ज्यांना ठाऊक आहे, तीं मुलें अन्न टाकतांना विचार करतील. आणि मोठेपणीं जमिनीचा प्रश्न पुढें येईल, तेव्हां जाणतेपणानें मत देतील.