विश्लेषण : नाशिकची देवळाली इंग्रजीत 'वेडी' कशी ठरली? आणि 'ठाण्याला पाठवा' अजून का बोचते?

'याला ठाण्याला पाठवा!' लोकलच्या डब्यात, ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, कधी घरातल्या वादावादीतही हे वाक्य कानावर पडते. त्याचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. 'आम्ही तिथेच राहतो,' हे ठाणेकरांचे त्यावरचे ठेवणीतले उत्तर. असाच एक वाक्प्रचार इंग्रजीतही आहे आणि त्यातले गाव आपल्याच राज्यात आहे. कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने निघालात आणि घाट चढून इगतपुरीच्या पुढे गेलात की नाशिक रोडच्या आधी ते स्टेशन लागते.

'गॉन डूलॅली' म्हणजे काय?

एखाद्याचे डोके ठिकाणावर नाही, हे ब्रिटनमध्ये गमतीने सांगायचे असेल तर 'ही हॅज गॉन डूलॅली' असे म्हणतात. हे डूलॅली म्हणजे देवळाली. गोऱ्या सैनिकांच्या जिभेला 'ळ' काही वळला नाही. जुना, पूर्ण वाक्प्रचार होता 'डूलॅली टॅप'. यातला टॅप म्हणजे नळ नव्हे आणि टपलीही नव्हे, तर ताप. इंग्रजी शब्दकोश त्याचे मूळ उर्दू-फारसीत दाखवतात. मराठी माणसाला त्यासाठी शब्दकोश उघडायची गरज नाही. 'देवळालीचा ताप', इतका हा सरळ शब्द आहे.

पण देवळालीच का?

१८६०च्या दशकात ब्रिटिशांनी देवळालीत लष्करी छावणी वसवली. विलायतेहून आलेल्या सैनिकांना इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून तिथे ठेवले जाई. नोकरीची मुदत संपलेल्यांना मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाटही तिथेच पाहावी लागे. खरी अडचण या परतणाऱ्यांची होती. सैनिकांची जहाजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळातच सुटत. ज्याची मुदत हंगाम संपल्यावर भरली, त्याला पुढचे कित्येक महिने छावणीतच काढावे लागत. हाती काम नाही, उन्हाळा अंगावर आलेला, जवळ दारू आणि आसपास मलेरिया. मेगाब्लॉकच्या रविवारी डोंबिवलीच्या फलाटावर ४० मिनिटांत आपला पारा चढतो. इथे प्रश्न महिन्यांचा होता.

काही जण विचित्र वागू लागत, काही भांडणे करून तुरुंगात जात. फ्रँक रिचर्ड्स या ब्रिटिश सैनिकाच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या १९३६ मधल्या आठवणींच्या पुस्तकात देवळालीतल्या या रिकाम्या दिवसांचा उल्लेख येतो. देवळालीत मोठे वेड्यांचे इस्पितळ होते म्हणून हा शब्द आला, असे अनेकदा सांगितले जाते. पण त्या छावणीची मुख्य ओळख इस्पितळाची नव्हती, तर वाट पाहण्याच्या जागेची होती. माणसे बिघडत होती ती त्या वाट पाहण्याने.

शब्द विलायतेला कसा गेला?

सैनिकांच्या सामानाबरोबरच. 'देखो'चा 'डेको' (एक नजर टाकणे) आणि 'विलायती'चे 'ब्लायटी' (मायदेश) हेही असेच बराकींतून तिकडे पोहोचले. पुढे १९७४ मध्ये बीबीसीवर सुरू झालेल्या 'इट एन्ट हाफ हॉट मम' या विनोदी मालिकेचे सुरुवातीचे भाग देवळालीच्या छावणीतच घडतात. आज डूलॅली म्हणणाऱ्या बहुतेकांना हे एका गावाचे नाव आहे, हेही ठाऊक नसते. देवळालीकरांनाही या शब्दाचा त्रास नाही. तोफखान्याचे प्रशिक्षण देणारे 'स्कूल ऑफ आर्टिलरी' हीच आज तिथली मोठी ओळख. पुणे-मुंबईतल्या एका टॅपरूम साखळीने तर हेच नाव हौसेने लावले आहे.

लंडनच्या 'बेडलम'चेही असेच झाले. १२४७ मध्ये स्थापन झालेल्या बेथलेम या संस्थेत पुढे मनोरुग्णांना ठेवू लागले आणि तिच्या नावाच्या अपभ्रंशाचा अर्थ 'प्रचंड गोंधळ' असा झाला.

मग 'ठाण्याला पाठवा' वेगळे कसे?

ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचे. पुणे, नागपूर आणि रत्नागिरीसह राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी हे एक. पुण्यात याच अर्थाने 'येरवडा' म्हणतात, हिंदीत 'आग्रा' आणि 'रांची'. वेडाला गावाचे नाव देण्याची खोड कोणत्याही एका भाषेची नाही.

फरक इतकाच, की डूलॅली हा शब्द गावापासून सुटला आहे, ठाणे सुटलेले नाही. या टोमण्याचे बोट आजही एका चालू इमारतीकडे, तिथे दाखल असलेल्या माणसांकडे आणि ओपीडीत नंबर लावून बसलेल्या त्यांच्या घरच्यांकडे आहे. शिवाय डूलॅली हा सैनिकांनी स्वतःच्याच हालांवर केलेला विनोद होता. 'ठाण्याला पाठवा' म्हणणारा मात्र सहसा बाहेरचा असतो. कल्याण-डोंबिवलीतल्या एखाद्या कुटुंबाला झोप उडालेल्या, एकटाच बडबडणाऱ्या मुलाला डॉक्टरांकडे न्यायचे असेल, तर सर्वात जवळचे सरकारी मनोरुग्णालय हेच. तिकीट 'ठाणे' म्हणून काढताना तो टोमणा त्यांना आठवत नसेल, असे कसे म्हणावे?

कायद्याची भाषा कधीच बदलली आहे. १९१२ च्या 'इंडियन लुनसी ॲक्ट'मधला 'लुनॅटिक' हा शब्द १९८७ च्या कायद्याने मागे पडला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तर उपचार मिळणे हा रुग्णाचा हक्क ठरवला. आता ठाणे आणि मुलुंड यांच्या दरम्यान याच रुग्णालयाच्या काही जमिनीवर नवे रेल्वे स्थानक उभे राहत आहे. ते सुरू झाले की रोजच्या नोकरदारांनाही 'मेंटलच्या जागेवर' उतरावे लागेल. तेव्हा या टोमण्याचे काय होते, ते लोकलच्या डब्यातच कळेल.

मदत कुठे मिळेल?

'टेली-मानस' ही केंद्र सरकारची हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध आहे. तिथे मराठीतही बोलता येते.