पेट्रोलच्या जीपमध्ये पाहुणं डिझेल इंजिन

मलकापूरहून बुलढाण्याला यायचं तर राजूर घाट, खामगावहून यायचं तर बोथ्याचा घाट. घाटाखालच्या तालुक्यांतून घाटावर येणाऱ्या या चढांवर जुन्या जीपांनी बरीच वर्षं काढली. त्यांतली एखादी पेट्रोलवरची सीजे-3बी आजही कुणाच्या शेतावरच्या शेडमध्ये सापडते. महिंद्राने विलीजच्या परवान्यावर बनवलेली, उंच बॉनेटची. बॉनेट उंच असण्याचं कारण इंजिनातच आहे. या 2.2 लिटरच्या हरिकेन इंजिनात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे इंजिनाची उंची वाढली आणि बॉनेट वर उचलावं लागलं.

असं इंजिन बोअरिंगला आणि क्रँक ग्राइंडिंगला गेलं की पिस्टन, रिंगा, बेअरिंग जमवण्यात महिने जातात. तेवढा काळ जीप विटांवर उभी ठेवली की ब्रेकचे सिलिंडर धरतात, टायर बसतात, गिअरबॉक्सचे सील वाळतात. म्हणून मेकॅनिक सुचवतो की तोवर डिझेल इंजिन बसवू. महिंद्राने प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं 2,112 सीसीचं एक्सडीपी इंजिन पुढे अनेक जीपांत आलं, त्यामुळे भंगारात ते अजून मिळतं. माउंटिंग आणि बेल हाउसिंगची जुळवणी हा वेगळा विषय आहे. इथे फक्त टाकीपासून इंजिनापर्यंतच्या इंधनाच्या वाटेकडे पाहू, कारण घाईतली तडजोड बहुतेक वेळा तिथेच होते.

पेट्रोलची वाट साधी आणि एकेरी आहे. ड्रायव्हरच्या सीटखाली टाकी, तिथून एक नळी, इंजिनाच्या कॅमशाफ्टवर चालणारा डायफ्रामचा पंप आणि शेवटी कार्बोरेटर. पंपाचा दाब चौरस इंचाला चार-पाच पौंडांच्या आतच असतो. कार्बोरेटरची वाटी भरली की फ्लोट वर येतो, सुई बसते, पेट्रोल थांबतं. परत काहीच जात नाही.

डिझेलची वाट दुहेरी आहे. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो आणि फिल्टरमधून इंजेक्शन पंपाकडे ढकलतो. हा इंजेक्शन पंप म्हणजे आपल्याकडे बहुतेक वेळा मिकोचा पंप. तिथून प्रत्येक सिलिंडरला एक जाड भिंतीची पोलादी नळी जाते. जुन्या इंजिनांतही नोझल उघडायलाच 100 बारहून जास्त, म्हणजे चौरस इंचाला दीड हजार पौंडांच्या आसपास दाब लागतो. जास्तीचं डिझेल आणि नोझलमधून झिरपलेलं डिझेल रिटर्न पाइपने टाकीत परततं. पेट्रोलच्या टाकीला ही परतीची जागाच नसते.

मग बरेच जण जीपच्या मूळ टाकीला भोक पाडून रिटर्नचा नट बसवतात आणि त्याच टाकीत डिझेल भरतात. हे करू नये, असं माझं ठाम मत आहे. इंजेक्शन पंपातला प्लंजर आणि बॅरल यांच्यात दोन-चार मायक्रॉनचीच फट असते आणि त्यांना वंगण मिळतं ते डिझेलचंच. टाकीच्या तळाशी राहिलेलं पेट्रोल त्यात मिसळलं की वंगण पातळ होतं आणि प्लंजरवर ओरखडे उठतात. जुन्या टाकीचा गंज सुटला की फिल्टर चोंदतो. उलट दिशेनेही तेच. महिन्यांनी मूळ इंजिन परत आलं की टाकीच्या सांध्यांत राहिलेलं डिझेल पेट्रोलमध्ये उतरतं, प्लग काळे पडतात, इंजिन नॉक करतं. आणि टाकीला पाडलेलं भोक कायमचं राहतं.

पाहुण्याची वाट वेगळी ठेवावी. मागच्या बाजूला, चाकाच्या कमानीशेजारी, दहा-पंधरा लिटरची वेगळी पत्र्याची टाकी पट्ट्यांनी घट्ट आवळावी. बॉडीत आधीपासून असलेल्या भोकांतूनच बोल्ट घ्यावेत. ओढणारी नळी तळापासून बोटभर वर ठेवावी म्हणजे पाणी आणि गाळ खालीच राहतो. रिटर्नचं तोंड ओढणाऱ्या नळीपासून लांब ठेवावं, नाहीतर फेसाळलेलं डिझेल लगेच पुन्हा ओढलं जातं. झाकणाला हवेचं छिद्र हवंच. ते नसेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि थोडं चालून इंजिन बसतं. नळी तांब्याची वापरू नये. तांब्याच्या सान्निध्यात डिझेल लवकर खराब होऊन चिकटा धरतं. पोलादी नळी आणि डिझेलला टिकणारा रबरी होज वापरावा, आणि तो एक्झॉस्टपासून दूर न्यावा.

मूळ टाकी मात्र आधी रिकामी करायची. बॅटरीची तार काढून, उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून. भरलेल्या टाकीपेक्षा नुकतीच रिकामी केलेली टाकी जास्त घातक असते, कारण आत पेट्रोलची वाफ आणि हवा दोन्ही असतात. तिच्याजवळ वेल्डिंग तर अजिबात नको. नळीची दोन्ही टोकं बुच मारून बंद करायची, बांधून ठेवायची आणि चिठ्ठी लावायची. पेट्रोलचा पंप आणि कार्बोरेटर इंजिनाबरोबरच उतरतात. त्यांच्या वाट्या कोरड्या करून ठेवल्या नाहीत तर आतलं पेट्रोल वाळून डिंकासारखा थर जेटमध्ये बसतो.

डिझेल इंजिन चावी बंद करून थांबेलच असं नाही. तिथे ठिणगी नाही, म्हणून इंधन तोडूनच ते थांबतं. अशा वेळी जीपच्या डॅशबोर्डवरची चोकची केबल उपयोगी पडते. डिझेलला चोक नसतो, त्यामुळे ती केबल मोकळीच असते. तिचं टोक पंपाच्या स्टॉप लिव्हरला जोडलं की नॉब ओढून इंजिन बंद करता येतं, आणि पुढे तीच केबल पुन्हा कार्बोरेटरला लागते. अॅक्सिलरेटरचा दांडा पंपाच्या लिव्हरला जोडताना परतीचा स्प्रिंग नीट बसला आहे ना, हे हाताने दाबून पाहावं. हीटर प्लगसाठी दमदार 12 व्होल्टची बॅटरी लागते. सुरुवातीच्या जीपांत 6 व्होल्टची वायरिंग आहे, तिथे हीटरची तार स्वतंत्र ओढावी.

सगळं जोडल्यावर इंजिन लगेच चालू होणार नाही, कारण नळ्यांत हवा आहे. हवा दाबली जाते, डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही. नळीत बुडबुडा असला की पंपाचा सगळा जोर तो दाबण्यातच जातो आणि नोझल उघडत नाही. हवा काढायची ती टाकीकडून इंजिनाकडे. आधी फिल्टरवरचा ब्लीडिंग स्क्रू सैल करून हँड प्राइमर मारत राहायचा. सुरुवातीला फुसफुस, मग पांढरट फेस, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. धार येत असतानाच स्क्रू आवळायचा. नंतर पंपावरच्या स्क्रूला तेच. शेवटी नोझलकडचे नट अर्धा फेरा ढिले करून स्टार्टर मारायचा. प्रत्येक नटाशी डिझेल उसळू लागलं की एकेक आवळत जायचं. फवारा तपासायला तिथे कधीच बोट धरू नये. त्या दाबाचा फवारा कातडीत घुसतो आणि जखम बारीक दिसली तरी थेट दवाखान्यात जावं लागतं.

इंजिन चालून पुन्हा पुन्हा बंद पडत असेल तर ओढणाऱ्या बाजूने कुठेतरी हवा शिरते आहे. हा दोष चटकन सापडत नाही, कारण ही बाजू बाहेर गळत नाही, आत हवा ओढते, आणि सांधा कोरडाच दिसतो. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी लावून पाहिली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. बहुधा बंजो बोल्टचं तांब्याचं वॉशर दुसऱ्यांदा वापरलेलं निघतं.

पाहुणं इंजिन डिझेलऐवजी मारुतीचं एमपीएफआय असेल तर इंधन तेच राहतं, पण दाब तीन बारच्या घरात लागतो. त्याला इलेक्ट्रिक पंप, रिटर्न आणि चढावर पेट्रोल एका बाजूला गेलं तरी पंप उघडा पडू नये म्हणून मधली छोटी टाकी द्यावी लागते.

कागदांचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार इंजिन किंवा इंधन बदलायचं तर आरटीओची परवानगी लागते, मग बदल थोड्याच दिवसांचा का असेना. त्याशिवाय एमएच-28 ची पाटी घेऊन रस्त्यावर येऊ नये. विमाही तपासावा. केंद्राच्या 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. ज्याला हे करायचं आहे त्याने मूळ टाकी आणि नळ्यांना कापाकापीचा हात लावूच नये.

मूळ इंजिन परत आलं की वेगळी टाकी काढायची, बुच उघडायचे आणि टाकी ताज्या पेट्रोलने हिसळून घ्यायची. पण आज पंपावर मिळणारं पेट्रोल म्हणजे 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल, आणि पंपाचा जुना डायफ्राम, जुने रबरी होज त्याने फुगतात किंवा तडकतात. ते इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घ्यावेत. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने मिश्रण थोडं पातळ पडतं. इंजिन गरम झाल्यावरही ओढ देत नसेल आणि प्लगची टोकं पांढरट दिसत असतील तर मुख्य जेट एक पायरी मोठा लावून पाहावा. मे महिन्यात राजूर घाट चढताना पंपात पेट्रोलची वाफ धरून गाडी थांबण्याचा त्रासही असतो. त्यावर पंपाला ओलं फडकं गुंडाळतात. पण नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून चार बोटं दूर घेतली आणि मध्ये पत्र्याचा आडोसा दिला तर बहुतेक वेळा फडक्याची गरज पडत नाही.