बळीपणाची राष्ट्रभावना : चेक उदाहरण
बळीपणाची भावना (अन्याय सोसलेला समूह हीच राष्ट्राची ओळख मानणे) म्हणजे खोटी तक्रार नव्हे. १९३८ साली म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा सीमाप्रदेश जर्मनीला देण्याचे ठरले, तेव्हा त्या देशाला बोलणीत बसूही दिले नाही. घरधन्याला दाराबाहेर उभे करून घराची वाटणी व्हावी तसे. मार्च १९३९ मध्ये उरलेला चेक प्रदेशही गेला. जून १९४२ मध्ये लिदित्से गावात एकाच दिवशी १७३ पुरुषांना गोळ्या घातल्या गेल्या. हे दुःख खरेच. गफलत पुढे होते : बळी ठरलेला समाज सर्वस्वी निर्दोष, असे धरले जाते. लेती येथील रोमा लोकांच्या छळछावणीवर पहारा चेक पोलिसांचाच होता, आणि युद्धानंतर सुमारे ३० लाख जर्मनभाषकांना देशाबाहेर घालवण्यात आले.