सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अध्यापनात साप्ताहिक चिंतन-नोंदींचे स्थान : पोशेरा परिसराच्या संदर्भात

‘सॉफ्टवेअर अभियांत्रिकी’ ही संज्ञा ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने पुरस्कृत केलेल्या परिषदेमुळे रूढ झाली. मोठ्या प्रणाली वेळेत पूर्ण होत नाहीत, खर्च अंदाजाबाहेर जातो आणि हाती आलेली प्रणाली वापरणाऱ्याच्या गरजेशी जुळत नाही, अशा तक्रारी त्या काळी सर्वत्र होत्या. यांपैकी शेवटची अडचण यंत्राची नसून समजुतीची आहे. विद्यार्थ्याने दर आठवड्याला स्वतःच्या प्रकल्पाविषयी लिहिलेल्या चिंतन-नोंदीचा संबंध नेमका या अडचणीशी येतो.

चिंतन-नोंद म्हणजे प्रगती-अहवाल नव्हे. काय केले हे अहवाल सांगतो. काय गृहीत धरले होते आणि ते कोठे चुकले, हे नोंद सांगते. व्यावसायिकाचे ज्ञान प्रत्यक्ष कृतीत आणि त्या कृतीकडे वळून पाहण्यात घडते, असे प्रतिपादन डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ या ग्रंथात केले. २००१ च्या अजाईल जाहीरनाम्याच्या बारा तत्त्वांपैकी अखेरचे तत्त्वही चमूने ठरावीक काळाने आपल्या कार्यपद्धतीचा फेरविचार करावा, असेच आहे.

पोशेरा (ता. मोखाडा, जि. पालघर) येथील विद्यार्थ्याचे एक कल्पित उदाहरण घेता येईल. उन्हाळ्यात पाणी पुरविणाऱ्या टँकरच्या फेऱ्या नोंदविणारी प्रणाली हा त्याचा प्रकल्प. पहिल्या आठवड्यात तो कोष्टकात ‘गाव’ हा स्तंभ ठेवतो, कारण जनगणनेत महसुली गावाला संकेतांक असतो. पाड्याला सहसा नसतो. तिसऱ्या आठवड्यात घरी गेल्यावर त्याच्या ध्यानात येते की, गावाच्या नावावर फेरी लागली तरी पाणी ज्या विहिरीत ओतले जाते ती एका पाड्याची असते; दूरच्या पाड्यावरील बाईच्या हंड्यात त्यातले काहीच येत नाही. म्हणजे नोंदीचे एकक गाव नव्हे, पाडा आणि त्याची विहीर. कोष्टकाची रचनाच बदलावी लागते. हे ज्ञान पाठ्यपुस्तकात नव्हते. विद्यार्थ्याजवळ ते लहानपणापासून होते. अंतिम अहवालात फक्त सुधारलेली आकृती दिसेल. ती का सुधारली, हे तिसऱ्या आठवड्याच्या नोंदीतच सापडेल.

मात्र अशी नोंद कोणत्या भाषेत लिहून घ्यायची, हा प्रश्न दुय्यम नाही. इंग्रजीची सक्ती केल्यास हाच विद्यार्थी ‘गरजांचे विश्लेषण हा महत्त्वाचा टप्पा आहे’ या अर्थाचे मार्गदर्शिकेतील वाक्य उतरवून मोकळा होईल. विहीर आणि हंडा वहीत येणार नाहीत. जव्हार-मोखाड्यातील अनेक घरांत वारली किंवा कोकणा बोली बोलली जाते, तेथे प्रमाण मराठीदेखील शाळेत शिकलेली भाषा असते. परीक्षेची भाषा कोणतीही असो, नोंद विद्यार्थ्याला सुचेल त्या भाषेत आणि ‘टेबल’, ‘फील्ड’ असे शब्द जसेच्या तसे ठेवून लिहू द्यावी.

गुणांचाही विचार करावा लागतो. मजकुराला गुण दिले की विद्यार्थी शिक्षकाला आवडेल अशी चूक शोधून लिहू लागतो. गुण नियमितपणालाच द्यावेत आणि शिक्षकाने प्रत्येक नोंदीखाली एखादा प्रश्न लिहावा. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात हे काम हलके नाही. आळीपाळीने दर आठवड्याला पंधरा वह्या वाचणे शक्य कोटीतले आहे.

आपल्या महाविद्यालयांत ‘जर्नल’ म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या रात्री पुरी करून सहीसाठी पुढे केली जाणारी वही, असा अर्थ रुळला आहे. चिंतन-नोंदीची तीच गत होऊ शकते. या परिसरातील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा बांधकामावर स्थलांतर करतात आणि विद्यार्थ्याचे दोन-तीन आठवडे बुडतात. ती पाने मागाहून भरून घेऊ नयेत. तारीख घालून पान कोरे ठेवावे आणि परतल्यावरची नोंद पुढच्या पानावर सुरू करावी.