चव गेली की गंध गेला?

‘वैद्यराज, तोंडाला चवच नाही’ ही तक्रार आपल्यापैकी प्रत्येकाच्या परिचयाची आहे. अरोचकाचे निदान करून आपण आर्द्रक, सैंधव, लिंबू यांची योजना करतो आणि पुढच्या रुग्णाकडे वळतो. परंतु २०२० व २०२१ या वर्षांत कोविडोत्तर रुग्ण पाहताना आम्हांस आमचीच जुनी चूक उमगली. चव गेली असे सांगणाऱ्या पुष्कळांची जिव्हा शाबूत होती. हरपला होता तो गंध.

याची प्रचीती सहज घेता येते. नाकपुड्या दाबून चिमूटभर बडीशेप चावावी. जिभेला किंचित गोडवा जाणवतो, मात्र बडीशेप ओळखू येत नाही. बोटे काढताच ती ओळखू येते. घशाच्या मागून नासिकेत चढणारा हा गंध मेंदू जिभेच्या खात्यावर जमा करतो आणि आपण त्यास ‘चव’ म्हणतो. जिव्हेवरील संवेदना सातव्या, नवव्या व दहाव्या शीर्षण्य नाड्यांमार्फत प्रथम मस्तिष्कपुच्छात पोहोचते. गंधाची वाट निराळी आहे. नासिकेच्या छतातील पेशींवर सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राही असतात. बक व ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये या ग्राहींचे जनुक शोधले व २००४ मध्ये त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. दोन्ही वाटा पुढे मेंदूच्या अग्रभागी एकत्र येतात. मनाच्या साहाय्यावाचून इंद्रिये आपला विषय ग्रहण करू शकत नाहीत, असे चरकाचार्य इंद्रियोपक्रमणीय अध्यायात सांगतात. त्याचे स्मरण येथे होते.

कटु व कषाय यांविषयी आधुनिक शारीरक्रियाशास्त्र आपल्याशी सहमत नाही, हे लपविण्याचे कारण नाही. मिरचीचा तिखटपणा उष्णता व वेदना जाणणाऱ्या ग्राहींना चेतवितो, तर हिरड्याचा तुरटपणा बव्हंशी लाळेतील प्रथिने बांधली गेल्यामुळे होणारा रूक्ष स्पर्श आहे. आचार्यांनी मुखात येणारा समग्र अनुभव गणला, असे आम्ही समजतो.

तेव्हा अशा रुग्णाचे नाक दाबून जिभेवर साखर, मीठ व लिंबाचा रस वेगवेगळे द्यावेत. ते ओळखता आले तर दोष नासिकेकडे शोधावा. मग डोळे मिटवून एकेका नाकपुडीने लवंग हुंगावयास सांगावे. प्रतिश्याय, नासार्श, डोक्यास झालेला आघात यांची चौकशी करावी. एकाच बाजूचा गंध गेला असल्यास तज्ज्ञाकडे पाठविण्यास विलंब नको. गंध हरपलेल्यास गॅसची गळती वा नासलेले अन्न कळत नाही, हे घरच्या मंडळींना आवर्जून सांगावे. औषध लिहून देण्याच्या घाईत हेच नेमके राहून जाते!

औषधी भांडारांच्या चालकांसही यात बोध आहे. दिवसभर हिंगाच्या सान्निध्यात बसणाऱ्याचे नाक त्या गंधास सरावते, म्हणून नवा माल सकाळी, बाहेरून आलेल्या माणसाकडून हुंगवून घ्यावा. तिक्त द्रव्यांचे नमुने लागोपाठ चाखू नयेत. मध्ये पाण्याने चूळ भरून थोडा अवकाश द्यावा. बचनाग, कुचला यांस तर जीभ लावूच नये. गुडमारची पाने चाखल्यानंतर काही काळ साखर मातीसारखी लागते, कारण त्यातील अम्ले मधुरग्राहींना अडवितात. त्यानंतर लगेच ज्येष्ठमध पारखू गेल्यास चांगला माल नाकारला जाण्याची भीती असते.