साक्षीदार आणि प्रेक्षक : ‘रिअ‍ॅलिटी शो’ आणि आमच्या तरुणांची विवाहकल्पना

निपाणीकडील एका धर्मग्रामात विवाहपूर्व तयारीवर्ग घेत असता, वाङ्‌निश्चय झालेली एक तरुणी हसत हसत आम्हांस म्हणाली, “फादर, या आठवड्यात मी नॉमिनेटेड आहे.” वर्गातील सर्वांना अर्थ उमगला, आम्हांसच तो विचारून घ्यावा लागला. भावी पती तिच्यावर रुष्ट झाला होता, कारण दोघांचे छायाचित्र तिने मोबाईलच्या ‘स्टेटस’वर ठेवले नव्हते. प्रेम असेल तर ते चारचौघांस दिसले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. रविवारी दोन्हीकडची मंडळी बसून पुढे काय करावयाचे ते ठरविणार होती. विनोद तिने केला खरा, परंतु डोळे भरून आले होते.

‘नॉमिनेट’ हा शब्द आमच्या घरांत आला तो ‘बिग बॉस’मधून. 1999 साली नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ या नावाने हा कार्यक्रम निघाला. हिंदीत 2006 पासून, कन्नडमध्ये 2013 पासून आणि मराठीत 2018 पासून त्याच्या आवृत्त्या दाखविल्या जाऊ लागल्या. बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात मराठी व कन्नड दोन्ही वाहिन्या एकाच घरात पाहिल्या जातात. सीमाप्रश्नावर एकमेकांशी बोलण्यास कचरणारे शेजारी ‘या आठवड्यात कोण बाहेर गेले’ यावर अगत्याने बोलतात, हेही नमूद करण्यास हरकत नाही.

त्याची रचना धर्मशिक्षकांनी नीट समजून घ्यावी. स्त्री-पुरुषांना एका घरात कोंडावयाचे, बाहेरील जगाशी त्यांचा संपर्क तोडावयाचा, अहोरात्र चित्रीकरण करावयाचे आणि त्या चोवीस तासांतून सुमारे तासाभराचा भाग निवडून रात्री दाखवावयाचा. घराबाहेर कोणास घालवावे यासाठी सदस्य एकमेकांची नावे देतात; कोण राहील ते प्रेक्षकांच्या मतांवर ठरते. अशा घरात एखादी जोडी जमली की कॅमेरा तिकडे वळतो, आणि जो अधिक दिसतो तो मतदारांच्या अधिक लक्षात राहतो. अशा वेळी जिव्हाळा कोठे संपला आणि डाव कोठे सुरू झाला, हे त्या दोघांना तरी निश्चित सांगता येत असेल काय? शिवाय मुकाट्याने भांडी घासणारी दोन माणसे दाखविण्याजोगी नसतात. रुसवा, मत्सर, समजूत आणि पुन्हा रुसवा हे दाखविण्याजोगे असते. गाळले जाणारे तेवीस तास बहुतांशी संसाराच्या जातीचे असतात.

विवाहालाच बक्षीस करणारे कार्यक्रमही झाले. 2009 साली राखी सावंत यांचे ‘स्वयंवर’ दाखविले गेले. वाङ्‌निश्चय झाला, विवाह झाला नाही. 2010 साली राहुल महाजन यांचा विवाह वाहिनीवरच लागला, पुढे घटस्फोट झाला. त्या व्यक्तींना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. संसार का मोडला हे बाहेरच्याने सांगू नये. उलट 2004 साली सुरू झालेला आदेश बांदेकरांचा ‘होम मिनिस्टर’ आठवावा. तेथेही कॅमेरा होता, खेळ होता, जिंकणारीस पैठणी होती. परंतु हरणाऱ्या वहिनी आपल्याच घरात राहत.

अशा कार्यक्रमांचा परिणाम कितपत होतो? अमेरिकेत झुरब्रिगेन व मॉर्गन या संशोधिकांनी 2006 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जोडी जुळविण्याचे कार्यक्रम अधिक पाहणाऱ्यांत, स्त्री-पुरुष हे एकमेकांचे प्रतिस्पर्धी असतात आणि प्रेमात रूपाला फार महत्त्व असते, या समजुती अधिक आढळल्या. मात्र कार्यक्रमामुळे समजूत बनते, की तशी समजूत असणारेच कार्यक्रम पाहतात, हे अशा अभ्यासातून सिद्ध होत नाही. म्हणून व्यासपीठावरून दूरचित्रवाणीवर सरसकट आग पाखडणाऱ्या प्रवचनकारांशी आम्ही सहमत नाही. तसे प्रवचन ऐकून लोक घरी जातात आणि रात्री तोच कार्यक्रम लावतात.

आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. प्रेम जाहीर व्हावे ही मागणी मुळात चूक नाही. ती ख्रिस्तसभेचीही मागणी आहे. गुप्त विवाहांमुळे होणारे अनर्थ पाहून ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली धर्मगुरू व साक्षीदार यांच्या समक्ष विवाह होणे आवश्यक ठरविले. आजही दोन साक्षीदार लागतात, विवाहापूर्वी उपासनेत जाहीर घोषणा होते. तेव्हा तो तरुण जे मागत होता त्यात सत्याचा अंश होता. त्याची गल्लत झाली ती साक्षीदार आणि प्रेक्षक यांत. साक्षीदार सही करतो आणि पुढे त्या घरात दुखणे आले, भांडण झाले, तर त्याला बोलावता येते. प्रेक्षक मत देतो, कंटाळा आला की वाहिनी बदलतो. साक्षीदारासमोर दिलेला शब्द मागे घेता येत नाही. प्रेक्षकासमोर दिलेला शब्द दर आठवड्यास नव्याने द्यावा लागतो. ‘स्टेटस’ तर चोवीस तासांत आपोआप पुसले जाते, म्हणजे पुन्हा लावणे आलेच.

धर्मगुरूंना आणखी एक गोष्ट टोचावी. त्या घरात ‘कन्फेशन रूम’ नावाची खोली असते. शब्द आमचा, परंतु ख्रिस्तसभेत पापनिवेदनाची गुप्तता धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव मोडावयाची नसते, आणि तेथे मनातले बोलावयाचे ते लाखोंनी ऐकावे म्हणूनच. कोणी ऐकत नसता बोललेले ते खोटे, असा उलटा धडा तरुण मन त्यातून घेते.

येथे आमचा स्वतःचा दोष सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी एका कुटुंबदिनी आम्हीच ‘सर्वोत्कृष्ट जोडी’ची स्पर्धा ठेविली होती. पतीस पत्नीच्या आवडीनिवडी विचारावयाच्या, पत्नीस पतीच्या, आणि टाळ्यांवरून क्रम लावावयाचा. एका मध्यमवयीन गृहस्थास एकही उत्तर आले नाही. सभागृह खदखदून हसले, आम्हीही हसलो. दुसऱ्या दिवशी त्यांची पत्नी येऊन म्हणाली की, तिच्या दीर्घ आजारात तो गृहस्थ रात्रपाळी करून दिवसा तिची शुश्रूषा करीत असे. त्याला आवडता रंग माहीत नव्हता, औषधांच्या वेळा पाठ होत्या. तिची तक्रार स्पर्धेविषयी नव्हती, आमच्या हसण्याविषयी होती. पुन्हा ती स्पर्धा आम्ही ठेविली नाही.

हल्ली तयारीवर्गात आम्ही एक भाग सर्वांसमवेत पाहतो आणि विचारतो : यात काय गाळले असेल? प्रारंभी कोणी बोलत नाही. मग स्वयंपाक कोणी केला, आजारी कोण होते, अशी उत्तरे येऊ लागतात. बिड्या वळणाऱ्या आयांच्या मुली यात विशेष तरबेज असतात. नंतर प्रत्येक जोडीने आपले दोन साक्षीदार कोण व का, हे लिहून आणावयाचे. बहुतेकांनी त्याचा विचारच केलेला नसतो, मित्रांपैकी कोणीतरी सही करील एवढेच धरलेले असते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या जोडीची ती बैठक झाली आणि तिच्यात काहीच ठरले नाही. तरुणाने साक्षीदार म्हणून आपल्या थोरल्या चुलत्यांचे नाव आणले आहे. ते मोबाईल वापरीत नाहीत. तरुणीने आपले नाव अजून दिलेले नाही. विचार करते आहे, असे तिने कळविले आहे.