टी पेशी : रक्षकही, कधी भक्षकही
डॉ. शुभदा चिपळूणकर यांच्या संशोधनाचा वेध

शरीरात शिरलेल्या जंतूंचा आणि शरीरातच बिघडलेल्या पेशींचा नायनाट करण्याचे काम रक्तातील टी पेशी करतात. संसर्ग आणि कर्करोग या दोन्हींमध्ये या पेशी कशा वागतात, याचा शोध नवी मुंबईत खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ या टाटा स्मारक केंद्राच्या संशोधन संस्थेतील डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी अनेक वर्षे घेतला. या संस्थेचे संचालकपदही त्यांनी भूषविले.

मुंबईच्या कर्करोग संशोधकांमध्ये कुष्ठरोगाच्या अभ्यासाची परंपरा डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. कमल रणदिवे यांच्यापासूनची आहे. डॉ. चिपळूणकर यांनीही १९८६ मध्ये जर्मन संशोधक स्टेफान कौफमन यांच्यासमवेत कुष्ठजंतूविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. कुष्ठजंतूचे अंश बाळगणाऱ्या पेशींना ठार करणाऱ्या टी पेशींचे वर्णन त्यात आहे.

पुढे त्यांनी ‘गॅमा-डेल्टा’ या प्रकारच्या टी पेशींवर लक्ष केंद्रित केले. रक्तातील टी पेशींमध्ये त्यांचे प्रमाण साधारणतः १ ते १० टक्के एवढेच असते. भारतात तंबाखूच्या सेवनामुळे मुखाचा कर्करोग मोठ्या प्रमाणावर आढळतो. या अर्बुदाच्या पेशींवरील ‘हीट शॉक’ प्रथिन गॅमा-डेल्टा पेशी ओळखतात, असे १९९९ मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिले.

मात्र या पेशी नेहमीच उपकारक ठरतात असे नाही. पित्ताशयाच्या कर्करोगात यांपैकी काही पेशी ‘इंटरल्यूकिन-१७’ हे द्रव्य स्रवतात. त्यामुळे अर्बुदाभोवती नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्याचे पोषण होते. अशा पेशी अधिक असलेले रुग्ण कमी काळ जगतात, असे या गटाला २०१६ मध्ये आढळले. म्हणजेच प्रतिकारशक्ती केवळ वाढविणे पुरेसे नाही; कोणत्या पेशी वाढवायच्या आणि कोणत्या रोखायच्या, हे जाणणे आवश्यक आहे.

रुग्णाच्याच टी पेशींत जनुकीय बदल करून तयार होणाऱ्या ‘नेक्सकार-१९’ या भारतीय उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून साकारलेला हा उपचार काही विशिष्ट रक्तकर्करोगांसाठी आहे. मुख वा पित्ताशयातील घट्ट गाठींमध्ये टी पेशींना असे यश मिळवून देणे अधिक कठीण आहे. त्या वाटेवर अशा मूलभूत संशोधनाचे मोल मोठे आहे.